तापात पुकारलेली कुस्ती

पालमकडून येणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबते. एरवी उतरणारी माणसं मोजकी, पण चैत्रातल्या जत्रेला अख्खी गाडी इथंच रिकामी होते. जत्रेत देव आहे, पाळणे आहेत, रेवड्या आहेत, तरी गर्दी होते ती कुस्त्यांच्या दंगलीला. आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी माणसं कुस्त्या बघायला नाही, आश्रुबाला ऐकायला येतात.

आश्रुबा सोन्नर मेंढरांमागं फिरणारा माणूस. अंगानं काडी. त्यानं आयुष्यात कधी लंगोट कसला नाही. पण रानात, वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून मेंढरांना हाका घालता घालता त्याचा गळा असा तयार झाला होता की त्यानं टेकाडावरून साद घातली की खालच्या वस्तीवरची कुत्री उठून बसत. एका वर्षी कुस्त्या पुकारणारा माणूस आलाच नाही, तेव्हा गंमत म्हणून त्याच्या हातात माईक दिला. त्या दिवसापासून तो माईक त्याचाच झाला. पैलवान पाय धरायला पटात शिरतोय, समोरचा मागं सरकतोय, मनगट सुटतंय, घाम निथळतोय, हे सगळं तो असं सांगायचा की मागच्या रांगेतला, ज्याला काहीच दिसत नाही तो माणूससुद्धा उठून उभा राहायचा. त्याचे सासरे रायभान त्याच्याच घरी राहतात. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही आणि दमाही आहे. ते भोंग्याच्या खांबापाशी बसून पूर्ण दंगल 'बघायचे'.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता पिंगळीच्या बाजूला तापखोकल्याची साथ सुरू झाली आणि गावोगाव पसरत आली. आमच्या उपकेंद्रात अर्पिता नावाच्या सिस्टर आहेत, वयानं तरुण, परभणीच्या. त्यांना काळजी लागली ती जत्रेची. एवढी माणसं एका मैदानात खेटून बसणार, एकाच माठात तांब्या बुडवणार. साथ दारात यायच्या आधीच गाव तयार करायला हवं, म्हणून त्यांनी देवळापुढं सभा घेतली. हात कसे धुवायचे, खोकताना काय करायचं, ताप आला तर घरी का थांबायचं, सगळं नीट समजावलं. माणसं आली, बसली, आणि अर्ध्या तासात पेंगायला लागली.

सभा संपल्यावर आश्रुबा त्यांच्याजवळ गेला.

"शिस्टर, तुमी सांगायलाव ते समदं खरं हाय," तो म्हणाला, "पर बातम्या दिल्यावानी सांगायलाव. मानसाचा जीव त्यात अडकना."

दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. अर्पिता सिस्टर म्हणाल्या, "मग मामा, तुम्हीच सांगा. मी शिकवते."

त्या दिवसापासून त्याच्या अंगणात त्यांची शिकवणी सुरू झाली. आश्रुबा लय प्रश्न विचारायचा. हात दिसायला स्वच्छ असला तर साबण कशाला, हा त्याचा पहिला प्रश्न. सिस्टरांनी त्याची बायको कासाबाई हिच्याकडून वाटीत गोडंतेल घेतलं, त्यात हळद कालवली आणि नवराबायको दोघांच्याही तळहातांना चोळली. मग म्हणाल्या, नुसत्या पाण्यानं धुवा. दोघांनी खसाखसा धुतले. हात पिवळेच. मग साबण दिला. तळवे निघाले, पण बोटांच्या फटीत, नखांच्या कडेला, अंगठ्याच्या बुडाशी पिवळेपणा तसाच दडून बसलेला. तेल डोळ्यांना दिसतं, रोगाचे जंतू दिसत नाहीत, फरक एवढाच, असं सिस्टर म्हणाल्या.

आश्रुबा आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग एकदम उठून उभा राहिला.

"ही तर कुस्ती हाय," तो म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पाराखाली हलगी कडाडायला लागली तेव्हा कुणालाच कळेना, जत्रेला अवकाश असताना ही कुस्ती कसली. मधोमध दोन पैलवान. एक बोरीचा धम्मानंद, रेड्यासारख्या मानेचा, आणि दुसरा आमच्याच गावचा शिवशंकर, उंच आणि चपळ. त्या वर्षीच्या मानाच्या कुस्तीला हीच जोड ठरली होती. दोघांचे हात मनगटापर्यंत हळदतेलानं माखलेले, समोर बादल्या आणि साबण. धुतल्यावर ज्याच्या हातावर डाग राहील तो हरला. आश्रुबानं माईक घेतला, पुकारायला लागला आणि बाजार थांबला.

शिवशंकरनं आपल्याच तळव्याला तळवा भिडवला. धम्मानंदनं पाठीमागून चाल केली, आपल्याच हाताची पाठ धरली. आता बोटांत बोटं घातली, फटीत पेच टाकला, नखं तळव्यावर घासली, पण अंगठा, पैलवान, अंगठा मोकळा सुटायलाय, त्याला मुठीत आवळा! मेथीच्या जुड्या तशाच टाकून बाया पुढं आल्या. म्हातारे बाजेवर चढले. हलगी वाढत गेली, फेस उडत राहिला आणि शेवटी सिस्टरांनी पंच म्हणून चारही हात उन्हात धरून तपासले. धम्मानंदच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी पिवळा डाग निघाला. अंगठ्यानं चितपट झालेला हा पहिला पैलवान, असं आश्रुबानं पुकारलं, आणि धम्मानंदच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

मग काय, वाऱ्यासारखी ती गोष्ट पसरली. शाळेत पोरं, बचतगटात बाया, वस्तीवर धनगर, जो तो हात माखून एकमेकांना आव्हान द्यायला लागला. खोकला आला की तोंड कोपरात खुपसायचं, त्याला आश्रुबानं 'कोपरपेच' नाव दिलं. भर पंगतीत कुणी मोकळं खोकलं की चार जण ओरडायचे, पेच टाक की. आसपासच्या गावांतून आश्रुबाला बोलावणी आली. मेंढरं कासाबाईवर सोपवून तो जायचा, आणि येताना त्याचा चेहरा असा फुललेला असायचा की जणू स्वतःच फड जिंकून आलाय.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष गोविंदराव यांनीही सगळं मान्य केलं. माठ गेले, तोटीची पिंपं आली. प्रत्येक पैलवानानं आपला टॉवेल, आपला पेला आणायचा. आणि ज्याला ताप आहे त्यानं फडावर पाय ठेवायचा नाही, हा नियम आश्रुबानं स्वतः आठवडाभर भोंग्यावरून पुकारला.

जत्रेच्या दिवशी सकाळी त्यालाच हुडहुडी भरली.

घसा आतून सोलल्यासारखा. तो म्हणाला, थंड पाण्यानं अंघोळ केली, दुसरं काही नाही. कासाबाईनं कपाळाला हात लावला आणि लगेच मागं घेतला.

"आवो, गावोगाव सांगत फिरलाव," ती म्हणाली. "आता सोताचं काय?"

तो उठला, तोंडाला रुमाल बांधला आणि आपली घोंगडी उचलून घराबाहेरच्या वाड्यात, मेंढरांच्या कुडापाशी जाऊन बसला, कारण घरात रायभान होते. सिस्टर मास्क लावून आल्या, त्यालाही मास्क दिला, तपासलं. साथीचाच ताप दिसतोय, म्हणाल्या, नमुना पाठवते, पण तोवर माणसांत जायचं नाही.

तेवढ्यात गोविंदराव आले. मैदान भरलं होतं, हलगीवाले हलग्या तापवून उभे होते. गोळी घे आणि चल, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या लोकांना काय सांगू, असंही ते म्हणाले.

आश्रुबानं त्यांना हातानंच लांब थांबवलं. "गोविंदराव, मी आज तिथं आलो तर उंद्या माझं कोन ऐकंल?"

मग दोघांची नजर एकदमच मैदानामागच्या टेकाडाकडं गेली. रोज मेंढरं चरतात ते टेकाड. वर एक लिंब, खाली पूर्ण फड दिसतो. भोंगेवाल्यानं वायरीला वायर जोडायला सुरुवात केली, कुणी घरातली वायर आणून दिली, कुणी झाडावर चढून ती टांगली. माईक लिंबाखाली ठेवून सगळे खाली उतरले आणि मगच आश्रुबा एकटा वर चढला.

भोंग्यातून पहिला आवाज आला तो खोकल्याचा. मग त्यानं सरळ सांगितलं, मला ताप हाय, म्हणून मी वर उभा हाय, आवाज बसलाय तर सांभाळून घ्या. मैदानात एक म्हातारा उठला, तोंडाला उपरणं लावलं आणि घराकडं निघाला. त्याच्यामागं आणखी एक. हळूहळू बरीच माणसं उठली, ज्यांना ज्यांना कसकस होती ती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. लोक सरकून त्यांना वाट देत होते.

दंगल रंगली. लांबून पैलवान मुठीएवढे दिसत होते, पण आश्रुबाला त्यांची चाल पाठ होती. त्याचा घोगरा आवाज टेकाडावरून घरंगळत यायचा आणि माणसं टाचा उंचावून बघायची. नारळाच्या कुस्त्या झाल्या, इनामाच्या झाल्या. मग त्यानं मानाची जोड पुकारली. धम्मानंदनं फडात येऊन शड्डू ठोकला. शिवशंकर मात्र मैदानाच्या कडेलाच उभा. अंगावरचा टॉवेल त्यानं काढला नाही. तिथूनच त्यानं हात वर केला.

"मला रातीपासून कणकण हाय," तो म्हणाला. "मघा सांगायचं धाडस झालं न्हाई."

वर्षभर याच कुस्तीसाठी त्यानं तालमीत घाम गाळला होता. गर्दीतून मोठा सुस्कारा उठला. वर आश्रुबाला त्या उंचावलेल्या हातावरून काय ते कळलं, आणि आवाज आला, बसलेला, फाटलेला. शिवशंकरनं आज जी कुस्ती मारली ती कुनाला दिसली न्हाई, असं आश्रुबा म्हणाला, पर मला हितून दिसली. तेव्हा धम्मानंदनंच लांबून शिवशंकरला हात जोडले, आणि सारं मैदान टाळ्यांनी दणाणलं.

साथ आमच्या गावाला चुकली असं नाही. घरोघरी नसली तरी बरीच माणसं आजारली. नमुना तपासून आला तेव्हा आश्रुबाला फ्लूच निघाला. पण रायभानांना काही झालं नाही, आणि गावातल्या कुणालाही दवाखान्यात दाखल करायची वेळ आली नाही. सिस्टरांना विचारलं तर त्या म्हणतात, नशीबही असेल, हवाही बदलली, पण त्या दिवशी जे उठून घरी गेले त्यांची मोठी मदत झाली.

दोघे पैलवान ठणठणीत झाल्यावर कमिटीनं राहिलेली कुस्ती लावली. ना पाळणे, ना दुकानं, तरी बोरीहून टेम्पो भरभरून माणसं आली. आश्रुबा यावेळी फडाच्या कडेला, आवाज पहिल्यासारखा धारदार. धम्मानंदनं पहिल्याच झटक्यात कंबर धरली. शिवशंकर वाकला, निसटला, मागं गेला. बराच वेळ माती उडत राहिली. मग धम्मानंदनं पट काढायला खाली वाकायला आणि शिवशंकरनं त्याला खांद्यावरून ओढून घ्यायला एकच गाठ पडली. तो डोंगराएवढा गडी हवेत गेला, पाठीवर पडला, आणि आश्रुबा काय पुकारत होता ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण अख्खं गाव त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होतं.