शांतवनचे दोन विसावे

गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात शांतवन चर्चची घंटा वाजवायचा. आठवड्यातून एकदा दोरी ओढायची, तेवढ्यानेही त्याचे खांदे भरून येत. चौऱ्याऐंशी साली सायकलवरून एक ख्रिस्ती प्रचारक आला आणि म्हणाला, "शास्त्रातला विसाव्याचा दिवस शनिवार आहे. तुम्ही चुकताय." शांतवनला हे मनापासून पटलं. तो शनिवार पाळू लागला. रविवार मात्र त्याने सोडला नाही. आळसाला शास्त्राचा आधार मिळाला की माणूस फार धार्मिक होतो.

रोवणीचे दिवस होते. दोन्ही दिवस त्याची बायको मार्था एकटीच चिखलात वाकून धान रोवत होती. रविवारी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा शांतवन खाटेवर पसरला होता.

"शनिवार पाळता, मंग रविवार काऊन?" तिने विचारलं.

तो उपदेशाच्या सुरात म्हणाला, "शनिवारी प्रभू कबरीत होता. रविवारी पहाटे उठला. म्हणून तं पहिल्यापासून आपले लोक रविवारी जमतेत."

मार्था पायाचा चिखल धुता धुता म्हणाली, "माहीत आहे मले. त्या पहाटे कबरीवर बायाच गेल्या होत्या. गडी दार लावून घरात बसले होते. तेवढं मात्र तुमी बरोबर पाळून राह्यले."