न विसळलेली बादली

आमच्या घरात भांडी घासायचं काम नवऱ्याकडे आहे. डिशवॉशर आहे, पण त्याचा त्या यंत्रावर विश्वास नाही. नागपूरच्या ज्या घरात तो वाढला, तिथे ताटलीवरून बोट फिरवल्यावर कर्र आवाज आला तरच ती धुतली असं म्हणायचे. साबणाचा एक बुडबुडा दिसला की ताटली परत मोरीत. इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत येऊन त्याने बऱ्याच सवयी सोडल्या, ही मात्र सोडली नाही. इथले लोक फेसाच्या पाण्यातून ताटली काढतात आणि न विसळता तशीच सुकत ठेवतात, हे त्याने एका सहकाऱ्याच्या घरी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी पोट बरं नसल्याचं सांगून तो उपाशी परत आला.

अशा माणसाला घरी बिअर करायचं वेड लागलं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, उकळायचं मोठं पातेलं आलं, आंबवायची तोटीवाली बादली आली, नळ्या आल्या, ब्रश आले. पहिल्या दोन्ही बॅचेस आंबट झाल्या. मी म्हटलं, आता फोडणी घाल, निदान कढी तरी होईल. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. इतकी स्वच्छ बादली असून असं कसं होतं, हेच त्याला कळत नव्हतं.

आमच्या शेजारी एक बाई राहतात. शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या, आता रिटायर्ड आहेत. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. ते घरी बिअर करायचे; ते गेल्यावर बाई करू लागल्या. स्वतः जेमतेम अर्धा ग्लास घ्यायच्या आणि बाकीची गल्लीत वाटून टाकायच्या. त्यांना बिअरशी फारसं देणंघेणं नव्हतंच, त्यांना यीस्ट जगवायचं होतं. बिअर तयार झाली की बादलीच्या तळाशी यीस्टचा साका बसतो. तो बरणीत काढून ठेवायचा आणि पुढच्या बॅचला घालायचा, आपण विरजण ठेवतो तसं. यजमानांच्या शेवटच्या बॅचचा साका त्यांनी असा एकीतून दुसरीत नेत आजवर जिवंत ठेवला होता.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत बाई पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बॅच राहून गेली. बरणी सगळा हिवाळा फ्रिजमध्ये होती. थंडीत यीस्ट झोपतं, पण बराच काळ खायला मिळालं नाही तर हळूहळू मरत जातं. फेब्रुवारीत एका सकाळी बाईंनी कुंपणापलीकडून नवऱ्याला हाक मारली. भरलेली बादली आता उचलवत नाही, तू माझ्यासाठी एक बॅच करशील का, म्हणून विचारलं. तो लगेच हो म्हणाला. आपल्या दोन बॅचेसचं काय झालं, ते मात्र सांगितलं नाही. मला धडकीच भरली. बाईंकडे ती एकच बरणी उरली होती.

बाईंनी सॅनिटायझरची बाटली दिली, पाण्यात किती घालायचं ते सांगितलं, बादली आधी धुवायची आणि मग सॅनिटायझरने खळबळायची हेही सांगितलं. पुढच्या रविवारी मी हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून परत आले तेव्हा सगळं झालं होतं. माल्टचं गोड पाणी उकळून, थंड करून बादलीत भरलेलं होतं. बाई काठी टेकत आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. बरणी त्यांच्या मांडीवर होती. तिच्यात तळाला मातकट पांढरा थर होता, त्यावर थोडं तपकिरी पाणी. एवढंच.

झाकण उघडायच्या आधी बाईंनी सहज विचारलं, "ओतताना बादलीत फेस होता ना?"

"छे, फेस कसा राहील?" नवरा अभिमानाने म्हणाला. "नळाखाली चांगली विसळली. मग नवीन टॉवेलने पुसूनसुद्धा घेतली."

बाईंनी बरणीच्या झाकणावर तळहात ठेवला. मी अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे, भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन थिएटरमधली उपकरणं कुणी नळाखाली विसळून घरच्या टॉवेलने पुसली असती, तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी त्याला मराठीतून एक शब्द ऐकवला, तो इथे लिहीत नाही.

बाई अजिबात चिडल्या नाहीत. सॅनिटायझरचा हा फेस साबणाचा नसतो, तो विसळायचा नसतो, असं त्यांनी त्याला समजावलं. गोड पाण्यात मिसळला की त्याचा जोर जातो आणि यीस्टला त्याचा त्रास होत नाही. उलट नळाच्या पाण्यात आणि धुतलेल्या टॉवेलवरसुद्धा बारीक जीव असतात. आपल्याला ते काही करत नाहीत, पण साखरेच्या पाण्यात ते यीस्टच्या आधी पंगतीला बसतात. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याला आपल्या दोन्ही कढ्या आठवल्या आहेत.

पाणी फेकायचं नाही, परत उकळायचं, असं बाईंनी ठरवलं. ते पातेल्यात चढवलं आणि तोवर आम्ही बादली घेतली. बाई म्हणाल्या, तोटी काढ. ती फिरवून निघते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याने ती सोडवली, आतला भाग ओढून काढला, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. बाहेरून लखलखीत असलेल्या तोटीच्या आत तपकिरी, बुळबुळीत थर होता. त्याला आंबट वास येत होता. बाईंनी तो नाकाशी नेला आणि तुझ्या बॅचेस इथे बिघडल्या, असं सांगून टाकलं. त्यांना न सांगता कळलं होतं.

मग धुणं सुरू झालं. तोटीचे भाग गरम पाण्यात भिजवले, बारीक ब्रशने घासले. नळी उजेडात धरून पाहिली आणि तिच्यात अंधुक काहीतरी दिसलं म्हणून ती टाकूनच दिली. बादलीला तारेची घासणी लावायची नाही, कारण ओरखड्यात जीव लपतात, म्हणून मऊ फडकंच वापरलं. झाकणाची रबरी कडा निघते हेही तेव्हाच कळलं. आधी जे दिसतं ते धुवायचं, मग जे दिसत नाही त्यासाठी सॅनिटायझर. मळ राहिला तर त्याच्याआड सॅनिटायझर पोचतच नाही. मी नोकरीत रोज कोपरापर्यंत हात धुते, पण समोर टेबलावर माणूस असतो, त्याला नाव असतं, चेहरा असतो. इथे आम्ही तिघं एका प्लास्टिकच्या बादलीभोवती श्वास रोखून उभे होतो, ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कुणासाठी तरी. माझ्या अंगावर काटा आला. रविवारी दुपारी, आमच्याच सिंकपाशी, असं काही वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

उकळलेलं पाणी परत थंड झालं. बादलीत फेसाचा ढीग होता. त्यावर ते गोड पाणी ओतताना नवऱ्याने चक्क मान फिरवली. मग बाईंनी बरणी हलवून त्यातलं सगळं आत ओतलं, तळाशी चिकटलेला थरसुद्धा हलकेच निपटून घेतला. झाकण लागलं. झाकणावर एक वाकडी नळी असते, तिच्यात थोडं पाणी घालतात. यीस्ट जागं झालं की आतली हवा त्या पाण्यातून बुडबुडे सोडत बाहेर पडते.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारीही नाही. लोकांना झोपवायचं आणि परत उठवायचं हे माझं रोजचं काम, तरी उठण्याआधीची ती काही मिनिटं मला अजून जड जातात. इथे तर ती मिनिटं दिवसांवर गेली होती. बाई रोज यायच्या, नळीकडे बघायच्या आणि जायच्या. नवरा जेवायचा नाही नीट.

बुधवारी संध्याकाळी बाई आल्या आणि आम्ही चहा ठेवला, तेवढ्यात बुडबुडा आला. एकच. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. बाई काठी बाजूला ठेवून वाकल्या, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली असताना वाकल्या, आणि बादलीला कान लावला. मीही लावला. आत बारीक चुरचुर चालली होती. कुणाच्या तरी हातून उरलेलं काहीतरी त्या अंधारात जेवत होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बाटल्या भरल्या, थांबलो, आणि मार्चअखेर बाईंसाठी पहिली बाटली उघडली. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"ही त्यांची नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचं तोंड उतरलं. तो माफी मागायला लागला, तसं बाईंनी त्याला हाताने थांबवलं. यात तुझं काहीच चुकलेलं नाही, ही स्वच्छ आणि चांगली आहे, असं त्या म्हणाल्या. यजमानांच्या बिअरला पिकलेल्या पेअरचा, म्हणजे नाशपातीचा, वास यायचा. ते गेल्यावर थोड्याच बॅचेसनंतर तो गेला. यीस्ट पिढ्यानुपिढ्या बदलत जातं, कितीही जपलं तरी. हे त्यांना तेव्हाच कळलं होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझी जीभ कधी कधी माझ्या आधी धावते. मी विचारलं, "मग इतकी वर्षं काय जपत होतात?"

बाईंनी ग्लास टेबलावर ठेवला. "तुटू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "तेवढंच माझ्या हातात होतं."

या बॅचच्या साक्याच्या दोन बरण्या भरल्या होत्या. बाईंनी एक आपल्या पिशवीत घातली आणि दुसरी आमच्याकडे सरकवली. त्या गेल्यावर नवरा बरणी फ्रिजमध्ये ठेवायला उठला. टेबलावर त्यांचा अर्धा भरलेला ग्लास होता. मी जन्मात कधी बिअर प्याले नव्हते. तो उचलला आणि एक घोट घेतला. कडू लागली. मग दुसरा घेतला, आणि तिच्यात कुठे पेअर सापडतं का ते शोधत राहिले.