राहीबाईनं जातं थांबवलं

कुडपणात कुणी कुणाबद्दल वाईट बोलत नाही, अशी त्या गावाची ख्याती होती. खोटी नव्हती. वाईट बोलायचं काम गावानं राहीबाईवर सोपवलं होतं, आणि ती ते इतक्या गोडीनं करी की ज्याच्याबद्दल बोललं जाई तोही दात काढून हसे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवरचं हे गाव. राहीबाई तिथं एकटी राहून नाचणी-वरी पिकवायची. तिची भाषा निराळी. एखादीला दिवस गेले की म्हणायची, "तुडीलला भरती लागली गो!" कारण तुडील खाली खाडीकाठी. दारू प्यालेला गडी दिसला की, "त्याला आज वाट अरुंद पडते." नव्या जोडप्याच्या घरी सकाळी चूल उशिरा पेटली की, "त्यांचा कोंबडा अजून आरवला नाय वाटतं." आणि ज्याचं बाहेर कुठं सूत जमलंय तो "वरंधावरनं येतो". आता, कुडपणला चढणाऱ्यानं वरंधाकडं वळायचं काही कारणच नाही, ते पार भोरच्या घाटाच्या बाजूला. त्यामुळं एवढं म्हटलं की शेंबडं पोरही समजायचं.

या बोलण्याला एक हक्काची जागा होती. लग्नघरात हळद दळायला बाया जात्याभोवती बसल्या की नवऱ्या मुलाची वाटेल ती थट्टा करायची मुभा असे. तिथं बोललेल्याचा राग धरायचा नाही आणि ते ओटीवर, पुरुषांत न्यायचं नाही. बायकांतलं मला कसं कळलं म्हणाल, तर आमच्या घरातली प्रत्येक बाई जात्याला हजर असायची आणि घरी आल्यावर तिच्या पोटात काही राहायचं नाही. माझ्या तर मुळीच नाही.

एकोणीसशे तीस-एकतीसचा सुमार असेल. राहीबाईचा दीर भागोजी, त्याची मुलगी तुळसा. तिची सुपारी तुडीलच्या हैबतीशी फुटली. पोरगा मुंबईत गिरणीत कामाला, डोक्याला टोपी, खिशाला पेन. लिहिता येत होतं की नाही, ते मात्र कुणी विचारलं नाही. भागोजी खूश, त्याची बायको ठमाबाई त्याहून खूश.

शिमग्याला राहीबाईचा मुलगा पांडू मुंबईहून आला. त्यानं आईला एकटीला गाठून सांगितलं, "आये, हैबतीचा परळात संसार हाय. बाई हाय, एक पोर बी हाय. मी त्याच्या खोलीवर जेवलोय."

सुपारी फुटल्यावर नवऱ्या मुलाबद्दल उघड ब्र काढणं म्हणजे दोन घरांत वैर. मग राहीबाईनं जात्याची वाट पाहिली. तिला वाटलं, तिथं आपण सांगू, बाया समजतील, ठमाबाई समजेल, आणि कुणाचा मान न जाता लग्न मोडेल.

हळदीच्या दिवशी तिनं जात्याच्या खुंट्याला हात घातला आणि म्हणाली, "जावई बरा हाय गो ठमाबाय, पण वरंधावरनं येतो."

बाया फुटल्या हसून. तुळसानं पदरात तोंड लपवलं, तीही हसत होती.

"थट्टा नाय गो, खरंच येतो."

"खरंच तर!" शेजारची मैना म्हणाली. "आमचे काय सरळ वाटेनं येतात होय?"

पुन्हा हशा. ठमाबाईच्या हातून हळकुंडं सांडली, इतकी ती हसली. राहीबाई जितकं निक्षून सांगे तितकं तिचं सोंग बायांना रंगतदार वाटे. आपण लोक अडचणीचं बोलणं आडून बोलतो, समोरच्याला लागू नये म्हणून. ते न ऐकण्याचीही सोय आपण त्यातच करून ठेवतो.

राहीबाईच्या मनात तेव्हा काय आलं ते तिनं नंतर आमच्या घरात सांगितलं. तिच्या स्वतःच्या हळदीला एका म्हातारीनं तिच्या नवऱ्याबद्दल, महिपतबद्दल, असंच काही म्हटलं होतं. तीही पदरात तोंड घालून हसली होती. पांडू रांगायला लागायच्या आत महिपत मुंबईला गेला, तो तिकडचाच झाला.

तिनं जातं थांबवलं.

हळदीचं जातं मधे थांबवत नाहीत. अपशकुन मानतात. बायांची गाणी घशात राहिली. राहीबाई उठली, उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि ओटीवरच्या पुरुषांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हैबतीची मुंबईत बाई हाय. पोर हाय. पांडूनं डोळ्यांनी बघितलंय."

मी ओटीवर पान लावत होतो. भागोजी ताडकन उठला. "वयनी, जात्यावरचं जात्यावर ठेवा!"

"म्हणून तर उठून आले, भावजी. तिथं कोण ऐकत नाय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुमच्या पोरीला जन्मभर शेण काढायला न्यायचं म्हणतात, ते आधी बघा."

आतून तुळसा आली. रडत नव्हती. "बाबा, मी हळद लावून घेणार नाय," एवढंच म्हणाली.

भागोजीनं पांडूला घेऊन तुडील गाठलं. हैबतीचा बाप मालोजी 'तसं काही नाही' म्हणाला असता तर भागोजीनं त्याचंच ऐकलं असतं, इतकी त्याला लग्नाची हौस. पण मालोजी मिशीला पीळ देत म्हणाला, "पुरुषमाणूस हाय, त्यात काय?" भागोजी पाणी न पिता परतला.

पुढं राहीबाईचं मोठं नुकसान झालं. तिच्या थट्टेला कुणी हसेना. ती काही बोलली की बाया काम टाकून तिच्या तोंडाकडं बघत, आणि मुलीची आई घाबरून विचारी, "राहीबाय, हे खरं का?" "थट्टा गो, थट्टा," असं तिला सांगावं लागे. सांगावी लागणारी थट्टा ती काय थट्टा! हळूहळू तिनं सोडूनच दिली. गाव जरा बेचव झालं. माझी तर उपासमारच झाली.

वर्षभरानं तुळसाचं चांगूशी जमलं. शेतकरी पोरगा, मुंबई न पाहिलेला. पुन्हा जातं मांडलं, पुन्हा बाया बसल्या. पण थट्टा सुरू करायचं कुणाला धाडस होईना. सगळ्या राहीबाईकडं बघत राहिल्या.

शेवटी तुळसाच म्हणाली, "काकी, बोल ना गो काय ते."

राहीबाईनं तिच्याकडं पाहिलं. "काय बोलू? पोरगा बरा हाय."

पुढं 'पण' आला नाही. कुणी हसलं नाही. ठमाबाईनं डोळे पुसले आणि जात्यात हळकुंडं टाकली.