आक्काची शिंक

आक्काच्या शिंकेनं काही झालं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आम्ही कसब्यातले तांबट. आई लवकर गेली, म्हणून मला थोरल्या बहिणीनं, आक्कानंच वाढवलं. माझ्या हातून भांड्यावर पोचा राहिला की म्हणायची, "धाकट्या, हे भांडं घडवलंस की तुझं तोंड?"

तिला लोणीला दिली. नवरा मारकुटा निघाला. तिचे निरोप यायचे, आम्ही उलट समजूत धाडायचो. एका दुपारी ती चालत दारात आली. ओठ फाटलेला. परत जायची नाही म्हणाली, भाकरी मागितली आणि पहिल्या घासाला माझ्या बायकोला विचारलं, पिठात मीठ घालायची रीत मोडली का गं?

दुसऱ्या दिवशी नवरा काठ्या घेतलेल्या भाऊबंदांसह आला. वाड्यावरच्या मुदपाकखान्यातल्या स्वयंपाकासाठी घडवलेलं भलंमोठं तपेलं पडवीत पालथं होतं. आक्का त्याखाली शिरली. "वरून ठोकू नकोस म्हणजे झालं," एवढं बोलून गप्प झाली.

त्यांनी माळा पाहिला, परस पाहिलं. मिळाली नाही. मग नवऱ्यानं आमच्याच देव्हाऱ्यातलं बेलाचं पान उचललं, त्यावर भंडारा घातला आणि तळहात माझ्यापुढे धरला.

"मेव्हणं, हात ठेवा आन् म्हणा, ती हितं न्हाई."

बेलभंडार उचलून खोटं बोललं तर वंश बुडतो, हे आमच्या रक्तातलं. पाळण्यात माझा पहिला मुलगा होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. नजर तपेल्याकडे गेली. त्यानं ती पाहिली. तो तिकडे वळला आणि तेवढ्यात आतून शिंक आली. तांबं घुमलं. भाऊबंद हसले. लोकांच्या लक्षात राहिली ती शिंक.

ते तिला ओढत घेऊन गेले. हडपसरच्या पुढे, वाटेतच, त्यानं काठीनं तिचा उजवा हात मोडला. पळाल्याची शिक्षा.

पावसाळा सरल्यावर ती भाजीच्या गाडीतून पुन्हा आली. या खेपेला तो न्यायला आला तेव्हा आळीतले सगळे तांबट हातोडे घेऊन दारात उभे राहिले. शपथ कुणी मागितली नाही.

तेव्हापासून आक्का इथंच आहे. वाकड्या हाताशी भांडं धरते आणि डाव्या हातानं चिंच लावून असं घासते की सोनं वाटावं. ज्याच्यासाठी मी हात मागे घेतला, तो मुलगा तिच्याच मांडीवर वाढला. त्याला ती अजून ती गोष्ट सांगते. "माझं नाक मेलं दगाबाज, ऐन वेळी फितूर झालं." घर हसतं. मीही हसतो.

तिच्या नाकाचा दोष नव्हता. शिंकेच्या आधी त्याला माझ्या डोळ्यांनी जागा दाखवली होती. हे आक्काला समोर बसवून सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.