‘सात वल्ही’चा शेवट

आपलं गाणं गाजावं म्हणून लोक जिवाचं रान करतात. वसईजवळच्या गास गावचा हिलरी मात्र स्वतःचं गाणं कुठे वाजलं की तिथून काढता पाय घ्यायचा. आणि ते तर सगळीकडे वाजायचं!

हिलरी शाळेत मास्तर, रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवणारा सरळ माणूस. पण १९७६ साली त्याला रॉक संगीताचं वेड लागलं. त्याचा मित्र ज्युलियस याच्याकडे गिटार होती, ड्रमवर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला डॉमनिक. तिघांनी मिळून ‘सात वल्ही’ नावाचं चौदा मिनिटांचं गाणं रचलं. चौदा मिनिटं! मध्येच चाल बदलायची, मध्येच ताल. डॉमनिक काही केल्या चार मात्रांत वाजवेना. जाळं ओढताना बाप जी हाक द्यायचा, तिच्यावर तो सात मोजायचा. महिनाभर भांडून शेवटी हिलरीने पायपेटीच सातात आणली, आणि तिथून गाणं उभं राहिलं.

चर्चच्या हॉलमध्ये, ज्युलियसच्या काकांनी आखातातून आणलेल्या टेपवर त्यांनी ते एकदाच घेतलं. शेवटची चार मिनिटं संथ होती. नुसती पायपेटी आणि डॉमनिकच्या आवाजातली ती हाक. हाक संपल्यावर तो हसून म्हणाला, “चुकलो ना रं? परत घेऊ.” टेप चालूच होता, त्यामुळे तेही कॅसेटमध्ये आलं.

परत घेणं झालंच नाही. ऑगस्टमध्ये डॉमनिकची होडी बुडाली आणि तो सापडला नाही.

पुढच्या मे महिन्यात गासच्या एका लग्नाला हिलरीकडे ‘सात वल्ही’ मागितलं. गाणं नाचायला झकास, पण संथ भाग आला की मंडळी खाली बसतात, अशी तक्रार होती. कोरी कॅसेट मिळेना. ज्युलियस आखातात जाताना एक प्रत घेऊन गेलाय, या भरवशावर हिलरीने मूळ कॅसेटच्याच त्या चार मिनिटांवर लग्नाच्या बँडची नाचाची धून भरली. नंतर ज्युलियसचं पत्र आलं, “मी कुठली प्रत नेली? कॅसेट तुझ्याकडेच होती ना?” मास्तरांनी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता.

त्या अर्धवट कॅसेटवरून तुळिंजच्या एका दुकानाने शेकड्यांनी कॅसेटी भरल्या. अर्नाळ्यापर्यंत प्रत्येक बँडने गाणं उचललं. नवरीच्या घरी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणायचं तर ‘सात वल्ही’च हवं. ज्यांना सात मोजता येईनात ते सहातच उरकायचे, तरी लोक नाचायचे.

डॉमनिकची आई सालोमी मात्र शेवटासाठी थांबली होती. “आय, शेवटी मी बोललोय त्यात,” असं लेक तिला सांगून गेला होता. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायचे. डॉमनिकला कबरच नव्हती. म्हणून हिलरी दुसऱ्या वर्षापासून, तिला ऐकायचा धीर झाल्यावर, त्या दिवशी टेप घेऊन तिच्या घरी जायचा. दहा मिनिटं गाणं वाजायचं. मग चोराच्या मनात चांदणं, त्याचा हात बटणावर जायचा.

“सेल उतरले, मावशी.”

“ऱ्हाऊ दे, पोरा. पुढच्या वरसाला ऐकू.”

अशी आठ-नऊ वर्षं गेली. हिलरीला स्वतःची शरम वाटायची, आणि खरं बोलायची छाती व्हायची नाही.

१९८६ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा तेच म्हणाला. सालोमीने पदराची गाठ सोडली. आत कागदात गुंडाळलेले चार नवे सेल होते.

“यंदा मी आनलेत.”

हिलरीने सेल बदलले आणि बटण दाबलं. सातांची लय मंदावली, पायपेटीचा एक लांब सूर निघाला, आणि तो अर्धवट तोडून लग्नाचा ढोल दणाणला. सालोमी शेवटच्या थापेपर्यंत ऐकत राहिली.

“मीच पुसलं, मावशी,” हिलरी म्हणाला. “डॉमनिकच्या आवाजावर मीच हे भरलं.” आणि तो लहान पोरासारखा रडला.

तिने टेपवर हात ठेवला.

“म्हंजे याच्या खाली हाय तो?”

हिलरीने मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“परत लाव,” सालोमी म्हणाली, आणि तिने कान टेपला लावला.