खोक्यामागचे पाय

मुकादम माणसं पायांवरून ओळखत. गोदामात ट्रक भरण्या-उतरवण्यात एकतीस वर्षं गेली की असं होतं. समोरून येणाऱ्याच्या कमरेपासून कपाळापर्यंत खोकं. माणूस म्हणून जे काही दिसतं ते गुडघ्याखाली. त्यामुळे रस्त्यात कुणी भेटलं तरी ते आधी चपला बघायचे, मग "अरे, तू होय!" म्हणायचे. बायको सांगायची, "पहिल्यांदा भेटले तेव्हाही खालीच बघत होते. मला वाटलं, मुलगा किती लाजाळू!"

त्या गोदामात यंत्र आलं. लांब हात, हाताच्या टोकाला हवेने चिकटणारे कप, वर कॅमेरा. ट्रकमध्ये शिरायचं, खोकी एकेक ओढायची, सरकत्या पट्ट्यावर ठेवायची. हमालांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. आला की सगळ्यांनी बाजूला व्हायचं, आणि कितीही विचारपूस करा, हा तोंड उघडणार नाही.

यंत्र घेऊन आली होती मुकादमांची सख्खी भाची. दोन वर्षं ती त्याच्यामागे खपली होती. आता तीन दिवस चाचणी, आणि शनिवारी संध्याकाळी 'माणसांजवळ चालवायला सुरक्षित' या कागदावर तिची सही. सही झाली तर सोमवारपासून यंत्र कामाला. नाहीतर परत, आणि भाचीची दोन वर्षं पाण्यात.

यंत्रासमोर माणसं चालली, बसली, वाकली. दर वेळी ते गपकन थांबलं.

"बघितलंस मामा?"

"शहाणा आहे गं तुझा जावई!"

शनिवारी दुपारी ट्रकमध्ये एक खोकं खाली पडलं. भाची दाराशी फोनवर होती. मुकादम आत शिरले, यंत्र थांबलं. त्यांनी खोकं छातीशी उचललं आणि वळले. कॅमेऱ्यापुढचा माणूस नाहीसा झाला, उरलं खोकं. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि त्याने खोक्याला कप चिकटवले. खरं तर सोडून द्यायचं. पण माल हातातून सुटू द्यायचा नाही हे एकतीस वर्षं अंगात मुरलेलं. मुकादम आपल्याकडे ओढतायत, जावईबापू आपल्याकडे. जावईबापू जिंकले. खोकं पट्ट्यावरून ऐटीत निघून गेलं, मुकादम ट्रकच्या फळ्यांवर धपकन बसले आणि उजवं मनगट पिरगळलं.

"काय झालं मामा?"

"कुठे काय? खोकं पडलं होतं."

जेवणाच्या सुट्टीत घरी जेवायला बसले तर घास डाव्या हाताने.

"उजव्याने काय रजा घेतलीय?" बायकोने विचारलं. तिच्यापासून त्यांचं कधीच काही लपलं नव्हतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आणि पोरीला सांगितलं नाहीत?"

"अगं, दोन वर्षं तिची..."

"सोमवारी कुणाचा हात मोडला, तर त्या सहीपायी पोरीला झोप लागेल का जन्मात?"

मुकादम ताटाकडे बघत राहिले. दिसत मात्र होते पाय. तुटक्या पट्ट्याची चप्पल, निळे बूट, टाचा घासत चालणारा तो उंच. सोमवारी हे सगळे आत असणार होते.

ते परत गोदामात पोचले तेव्हा गोदामाचे साहेब कागद घेऊन उभे होते आणि भाचीने पेन उघडलं होतं.

"थांब गं. तुझ्या जावयाने माझ्या हातातलं खोकं ओढलं. मी दुपारीच सांगायला हवं होतं."

साहेब हसले. "मुकादम, त्याला तुम्ही खोकं वाटलात की काय?"

"तेच तर सांगतोय साहेब. खोकं उचललं की आम्ही सगळे खोकीच."

भाची हसली नाही. तिने यंत्राचा हात बंद केला, मामाला खोकं धरून उभं केलं आणि कॅमेऱ्याचा पडदा बघितला. पडद्यावर खोकं होतं. मामा नव्हता. तिने पेनाला टोपण लावलं.

तिने विचारलं, "मग तुम्ही एकमेकांवर आदळत कसे नाही?"

"पाय बघतो."

भाची तिथेच, धुळीत, गुडघ्यांवर बसली आणि खालून ट्रककडे बघायला लागली.

साहेबांनी कुरकुरत तीन आठवडे दिले. त्या तीन आठवड्यांत यंत्राला नडगीच्या उंचीवर दुसरा कॅमेरा बसला. आणखी एक झालं. एकदा थांबलेलं यंत्र आता आपलं आपण सुरू होत नव्हतं. बाहेरच्या माणसाने आत कुणी नाही हे बघून बटण दाबायचं, मगच.

पहिली चाचणी मुकादमांनी मागून घेतली. सगळ्यात मोठं खोकं उचलून ते आत उभे राहिले. पुढचं काही दिसत नव्हतं. भाचीने चाचणीसाठी मुद्दाम बटण दाबलं. यंत्राचा हात येत असल्याचा आवाज आला, जवळ आला आणि थांबला.

"मामा?" बाहेरून भाचीचा आवाज जरा चिरकला.

"आहे, आहे! ओळखलं गं मला याने!"

दुसऱ्या दिवशी दिवसभर सगळे हमाल खोकी घेऊन यंत्रापुढून गेले. संध्याकाळी साहेबांनी कागद पुढे केला. भाचीने पेन उघडलं. मुकादमांची नजर सवयीने खाली गेली.

"आधी ती बुटाची नाडी बांध," ते म्हणाले, "मग कर सही."