गूळ पडेपर्यंत बोलू नका

हळदीचं दूध करताना आजी कुणाला बोलू का देत नाही, असं तुम्ही विचारता. इथे आलात की माझ्या या नियमावर हसताही. फोनवर मी नुसती कृती सांगितली आणि कारण राहून गेलं. आता सगळं क्रमाने लिहायचं ठरवलं आहे. जमतं का पाहू.

आधी कृती. हळकुंड निखाऱ्यावर भाजायचं, करपेपर्यंत नव्हे, वास सुटेपर्यंत. मग मिरे आणि सुंठेचा तुकडा घालून खलबत्त्यात कुटायचं. जितकं दूध तितकंच पाणी घ्यायचं आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. वरून चमचाभर तूप. गूळ अगदी शेवटी, भांडं खाली उतरल्यावर, कारण उकळत्या दुधात तो पडला की दूध नासतं. तुमच्याकडे तयार पूड मिळते, ती खुशाल घ्या. घाई तेवढी करू नका. मला स्वतःला मात्र त्या वेळात बसवत नाही. भांडं चुलीवर असेपर्यंत माझं निम्मं लक्ष दाराकडे असतं.

आम्ही तेव्हा टेंभुर्णीत राहत होतो. निजामाचं राज्य होतं. माझे वडील गावच्या शाळेत शिकवत. शाळेचा कारभार उर्दूतून चाले, इंग्रजी त्यांनी मला घरीच शिकवलं होतं. जालन्याच्या मुलींच्या शाळेत मला घालायचं होतं, आणि तिथल्या मुख्य बाई प्रवेश देण्याआधी मुलीला समोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावत. मला त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि माझा आवाज पार गेला होता. घोगरासुद्धा उरला नव्हता, तोंड उघडलं की नुसता वारा यायचा. ही संधी हुकली तर पुढच्या वर्षी घरात शाळेचा विषय निघणार नव्हता, लग्नाचाच निघणार होता. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. आई सकाळपासून माझा गळा चाचपत होती आणि दर वेळी विचारत होती, "आता बोलून बघ, येतो का?" मी मान हलवायची. ती परत कामाला लागायची आणि परत यायची.

पौषातली थंडी होती. म्हैस आटत आली होती, त्यामुळे घरात वाटीभरच दूध होतं. दुपारची जेवणं झाल्यावर आईने ते पाणी घालून चुलीवर चढवलं आणि हळकुंड कुटायला घेतलं. तेवढ्यात दाराशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

माझ्या आजोळचा, राजूरचा जुना गडी छकडा घेऊन आला होता. आई त्याला दादा म्हणायची. आजोबा दिवाळीपासून तापाने अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं खाणं सुटल्याचा निरोप आठवड्यामागेच आला होता.

"दादा, या की वर," आई आतूनच म्हणाली. "माय, पाणी दे त्यांना."

आई मला माय म्हणायची. मी तांब्या नेला. दादाने हात आडवा केला. "पाणी नगं, अक्का," तो आत ऐकू जाईल असं म्हणाला, आणि पायरी न चढता अंगणातच उभा राहिला.

आत खलबत्ता थांबला.

तुम्हाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. मयताची खबर घेऊन येणारा माणूस त्या घरचं पाणी घेत नसे, उंबराही ओलांडत नसे. लग्न झालेल्या मुलीला वडिलांचं तीन दिवसांचं सुतक. खबर कानावर पडली की तिने अंगावर पाणी घ्यायचं आणि मग चुलीला हात लावायचा नाही. सुतकात हळद तर घरात वापरायचीच नाही. पण खबर ऐकेपर्यंत सुतक लागत नाही.

"दादा," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा सपाट होता. "तिथंच थांबा. काही बोलू नका."

"पर अक्का, मी काय म्हंतो—"

"म्हणू नका. मी सांगेन तवा बोला."

दादा माझ्याकडे बघू लागला आणि मी त्याच्याकडे. त्याच्या कपाळावर शेंदूर होता. ताजा, राजूरच्या गणपतीचा, बोटभर ओढलेला. मयताच्या घरून निघालेला माणूस कपाळाला शेंदूर लावून कसा येईल? मी पळत आत गेले. आईचा हात ओढला, माझ्या कपाळावर बोट फिरवलं, दाराकडे दाखवलं. तोंडातून नुसता वारा.

"गप बस. घशाला ताण देऊ नको," आई म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्या भडकत होत्या, त्या तिने ओढून काढल्या आणि गोवरीचा तुकडा सारला. आच मंद झाली. दूध हलेना.

मी परत दारात आले. दादा या पायावरून त्या पायावर होत होता.

"काय करून राह्यल्या अक्का?" त्याने मला हळूच विचारलं. मी चुलीकडे बोट दाखवलं.

शेजारच्या खाला भिंतीवरून डोकावल्या. "कौन आया बाई? इत्ता चुप काय कू खडा है?"

"खाला, त्यांना काही विचारू नका," आई आतून ओरडली.

"मैं कां पूछी? तुमारे घर में आज बात करने कू भी बंदी है क्या?"

"दूध उतरेपर्यंत हाय."

खालांनी दादाला आपादमस्तक न्याहाळलं. पाणी न पिण्याचा आमच्यातला अर्थ त्यांना माहीत नसावा. दूध त्यांनीही करून दिलं असतं, पण त्यांच्या हातचं आमच्या घरात त्या काळी चाललं नसतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

"अक्का, बैल वढून राह्यलेत," दादा म्हणाला. "एवढं सांगू द्या, मंग—"

"दादा, तुमाला माझ्या बापाची आण हाय."

त्यावर दादा बैलांचे कासरे आवळून धरत राहिला. मी आतबाहेर करत राहिले. आईच्या पदराला धरलं की ती झटकायची. ती ढवळत होती, थांबत होती, पुन्हा ढवळत होती, आणि तिचे ओठ सारखे हलत होते. ती रडत नव्हती. रडलं म्हणजे ऐकल्यासारखंच झालं असतं. एकदाचं तिने भांडं उतरवलं, गूळ टाकला आणि वाटी माझ्या तोंडाला लावली.

"सगळं पी. जल्दी."

मी फुंकरसुद्धा न घालता प्याले. जीभ पोळली, टाळू पोळला, डोळ्यांतून पाणी आलं. वाटी खाली ठेवून मी सगळा जोर लावला आणि घशातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला.

"शेंदूर."

"काय?"

"त्याच्या कपाळाला शेंदूर आहे, आई."

आई उठली आणि दारात आली. दादाचं कपाळ तिने निरखून पाहिलं.

"बोला," ती म्हणाली.

"म्हातारबा बरे हायेत. चार दिस झाले, ताप उतरला. काल भाकर खाल्ली बराबर. म्हणले, लेकीला आन् नातीला छकड्यात घालून आण, तिला सकाळी राजूरहूनच जालन्याच्या मोटारीत बसवू. त्याच्यासाठीच आल्तो."

"मंग पाणी न्हाई का म्हणला तुमी?"

"आज चतुर्थी हाय ना, अक्का. चंद्र निघाल्याबिगर पाणी घेत न्हाई मी."

"मंग वर का न्हाई आला?"

"बैल नवे हायेत. सोडून कसं येऊ?"

खाला भिंतीपलीकडे इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आई हसली नाही. ती दुधाचं रिकामं भांडं घेऊन मागच्या अंगणात गेली आणि राखेने घासत बसली. वडील शाळेतून आले, मी कपडे बांधले, तरी ती घासतच होती.

आम्ही तिघं निघालो, पण छकड्यात आई एका जागी बसेना. दर ओढ्याला विचारी, "दादा, खरं सांगताय ना?" दादा गणपतीची शपथ घेई. थोड्या वेळाने ती पुन्हा विचारी. मधेच मला म्हणे, "वाच, माय." मी अंधार पडेपर्यंत इंग्रजी धडा वाचला. आवाज फाटका होता, पण होता. राजूरला पोचलो तेव्हा आजोबा घोंगडी पांघरून ओट्यावर बसले होते. आईने त्यांच्या पायांना हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"आधी पाणी दे रे हिला," आजोबा कुणाला तरी म्हणाले. आईने तांब्याची धार वरून तोंडात धरली आणि तांब्या रिता होईपर्यंत थांबवली नाही.

सकाळी जालन्याला मुख्य बाईंनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला घसा अडकला. वडील दाराबाहेर उभे होते, त्यांची चुळबुळ मला ऐकू येत होती.

"पाणी हवं का तुला?" बाईंनी विचारलं.

"नको," मी भिडेने म्हणाले. मग दारातला तांब्या आणि थांबलेला खलबत्ता आठवला, आणि मी लगेच म्हणाले, "हो. द्या, बाई."

ते पाणी पिऊन मी पान संपवलं. बाईंनी पुढचं पान उलटलं आणि म्हणाल्या, "आणखी वाच."